नवी सिस्टर आकड्यात धरू नका

माझा भाऊ भुसावळला मालगाडी चालवायचा. रेल्वेच्या कागदावर लोको पायलट, आमच्या घरात निवृत्त होईपर्यंत ‘डायवर’च. सोळा-सतरा वर्षं इंजिनावर काढल्यानंतर त्याला पहिल्यांदा खंडव्याकडच्या सेक्शनवर गाडी न्यायची वेळ आली. एवढा अनुभव असूनही रेल्वेने त्याच्या हातात लगेच गाडी दिली नाही. आधी त्याने त्या रस्त्यावर दुसऱ्याच्या इंजिनात बसून फेऱ्या केल्या, दिवसाच्या आणि रात्रीच्याही. याला ते लोक ‘एलआर करणं’ म्हणतात. एलआर म्हणजे लर्निंग रोड, रस्ता शिकणं. चढ कुठे लागतो, कुठला सिग्नल वळणाआड जातो, ब्रेक कुठल्या खांबापासून धरायला लागतो, हे तो खिशातल्या छोट्या वहीत लिहून ठेवायचा. मग ‘हा रस्ता मला माहीत आहे’ अशी त्याने सही केली, आणि त्या सहीनंतरच त्याला तिथली गाडी मिळाली.

यातली एक साधी गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली आहे. त्या फेऱ्यांत गाडीला तिचा स्वतःचा ड्रायव्हर असायचा. भाऊ इंजिनात होता, पण हिशोबात नव्हता.

मी तेहेतीस वर्षं नर्सिंग केलं. खासगी दवाखान्यात सुरुवात केली, मग सरकारी नोकरीत आले, आणि शेवटची अकरा वर्षं इन्चार्ज होते. सगळी नोकरी जळगाव-धुळे पट्ट्यातच झाली. या काळात नव्याने लागलेल्या कितीतरी मुली आणि अलीकडे मुलंही माझ्या हाताखालून गेली. वॉर्डात आहे पण हिशोबात नाही, अशी नवी सिस्टर किंवा ब्रदर मी एकदाही पाहिला नाही. सकाळी जॉइन झाली की संध्याकाळपर्यंत ड्युटी चार्टवर नाव चढतं, आणि पुष्कळदा त्याच आठवड्यात नाइट लागते. माणसं कमी असतात, वॉर्ड भरलेला असतो, आणि तिच्याकडे नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन असतं. मग ती ‘एक स्टाफ’ म्हणून मोजली जाते. माझं म्हणणं आहे की पहिले तीन महिने ती मोजू नये.

हे मी कशावरून म्हणते, ते आधी सांगते.

१९९० चा सप्टेंबर होता. तालुक्याच्या गावातल्या एका खासगी दवाखान्यात माझ्या नोकरीचा तिसरा दिवस, आणि पहिली नाइट. कापसावर फवारणी करताना विषबाधा झालेला एक शेतमजूर दुपारी दाखल झाला होता. केसपेपरवर विषाला उतारा म्हणून अॅट्रोपिनचं इंजेक्शन दर पंधरा मिनिटांनी लिहिलेलं. मी घड्याळ लावून देत राहिले. एकदीड वाजता तो चादर ओढायला लागला, हवेत काहीतरी वेचायला लागला, समोर नसलेल्या माणसाशी बोलायला लागला. अंग तव्यासारखं तापलेलं, कोरडं ठक्क. मला वाटलं, विष चढतंय. म्हणून पुढचा डोस मी आणखी मन लावून दिला. वॉर्डातल्या मावशी फरशी पुसत होत्या. त्या पोतेरं टाकून उठल्या आणि म्हणाल्या, “सिस्टर, हे विषाचं नाही, औषधाचं आहे. सुई थांबवा, सायबांना उठवा.” डॉक्टरसाहेब वरच्या मजल्यावरच राहायचे. पण त्यांना बोलवायची बेल कुठे आहे हे मला कोणी सांगितलेलंच नव्हतं. ती कॅलेंडरच्या मागे होती. मावशींनी कॅलेंडर बाजूला केलं आणि बटण दाबलं.

तो माणूस वाचला. त्याचं श्रेय मावशींचं आहे, आणि त्या दवाखान्यात त्यांनी पाहिलेल्या अशा वीस-पंचवीस रात्रींचं आहे. अॅट्रोपिन जास्त झालं की काय होतं, हे मला परीक्षेत विचारलं असतं तर मी न चुकता लिहिलं असतं. पुस्तकातलं माझ्या डोक्यात होतं. पण ते माझ्यासमोर खाटेवर हातपाय झाडत होतं, तेव्हा मी त्याला ओळखलं नाही.

हे ओळखणं कॉलेजात येत नाही, आणि त्यात कॉलेजचा दोष मी फारसा धरत नाही. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, तीन वर्षांचं, त्यातले शेवटचे सहा महिने इंटर्नशिपचे. बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं, त्यातही शेवटी इंटर्नशिप असते. म्हणून लोक विचारतात, एवढी वर्षं वॉर्डात काढून आल्या, आता आणखी काय शिकवायचं? त्यावर माझं उत्तर एका शब्दाचं आहे: सही. विद्यार्थिनी इंजेक्शन देते ते दुसऱ्या कोणाच्या सहीखाली. तिचा हात असतो, जबाबदारी स्टाफची असते. चुकलं तर मागून कोणीतरी हात धरतं. ज्या दिवशी ती नोकरीला लागते, त्या दिवशी औषधाच्या चार्टवर तिची स्वतःची सही पडते आणि मागचा हात नाहीसा होतो. काल-आजच्यात तिच्या ज्ञानात काडीचा फरक पडलेला नसतो. पण त्या सहीचं ओझं एका रात्रीत अंगावर येतं, आणि ते पेलायला कसं शिकायचं हे तिला कुठल्याच वर्षात शिकवलेलं नसतं.

दुसरं असं, की प्रत्येक वॉर्डाचा स्वतःचा रस्ता असतो. सलाइनचंच घ्या. पाचशे मिलीची बाटली आठ तासांत संपवायची, तर मिनिटाला किती थेंब? मुली गणित पटकन करतात आणि एकवीस म्हणून सांगतात. ते बरोबर असतं, कारण कॉलेजात वीस थेंबांचा एक मिली असा सेट (सलाइनची नळी) धरून शिकवलेलं असतं. पण वॉर्डाच्या कपाटात आलेला सेट पंधरा थेंबांचा असेल तर उत्तर सोळाच्या आसपास येतं, आणि लहान मुलांच्या साठ थेंबांच्या मायक्रो सेटला सगळंच गणित बदलतं. थेंबांचा आकडा सेटच्या वेष्टनावर बारीक अक्षरात छापलेला असतो. नवीन मुलीला मी पहिल्या दिवशी ते वेष्टन हातात देऊन वाचायला लावायची. कित्येकींनी ते त्याआधी कधी वाचलेलं नसायचं. फाडायचं आणि बकेटमध्ये टाकायचं, एवढंच त्यांना ठाऊक.

पोटॅशियम क्लोराइडचं तर सांगायलाच नको. दहा मिलीचा अँप्युल, आतलं पाण्यासारखं नितळ. डिस्टिल्ड वॉटरचा अँप्युलही तसाच दिसतो. पोटॅशियम पातळ न करता सरळ शिरेत गेलं तर हृदय थांबतं. हे प्रत्येक नर्सला माहीत असतं. पण या वॉर्डात ते कुठल्या खणात आहे, त्याच्या शेजारी काय ठेवलेलं आहे, रात्री तीन वाजता ट्यूबलाइट फडफडत असताना कुठला खण उघडायचा नाही, हे फक्त त्या वॉर्डात रोज उभं राहणारी बाई सांगू शकते. ऑक्सिजनचा मुख्य व्हॉल्व्ह, आग विझवायचं नळकांडं, कुलपाची किल्ली यांचंही तसंच. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षात आग लागली आणि १० बाळं दगावली. त्या बातमीनंतर मी माझ्या वॉर्डातल्या प्रत्येकीला नळकांडं कुठे आहे आणि त्याची पिन कशी काढायची ते विचारत गेले. जुन्या स्टाफपैकीही निम्म्या गडबडल्या. नव्यांना तर त्याची जागाच माहीत नव्हती, आणि त्यांचा त्यात दोष नव्हता.

आणि आपल्या भागात आणखी एक गोष्ट आहे, जी पुण्या-मुंबईत बसून धोरण लिहिणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. ती म्हणजे बोली. सरकारी भरती राज्यभराची असते. सांगलीची मुलगी साक्रीला येते, लातूरचा मुलगा शहाद्याला येतो. मराठी सगळ्यांना येते, म्हणून भाषेचा प्रश्नच नाही असं धरून चालतात. धुळे जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी स्वतः पाहिलेलं सांगते. बाळंतपणासाठी आलेली बाई नव्या सिस्टरला म्हणाली, “माले कया यी राहिन्यात.” सिस्टरने विचारलं, “काय?” बाई पुन्हा म्हणाली, “कया, कया.” सिस्टरला वाटलं, ही आपल्यालाच काय-काय म्हणून विचारतेय. तिने पोटावर हात ठेवला, तेव्हा नेमकी कळ ओसरलेली होती. केसपेपरवर लिहिलं, तक्रार नाही. अहिराणीत ‘ळ’ चा ‘य’ होतो. डोळा तो डोया, काळा तो काया, आणि कळा त्या कया. पाऊण तासाने ती बाई लेबर रूममध्ये नेण्याआधीच खाटेवर बाळंत झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप होते, हे नशीब. ती सिस्टर हुशार होती, मनापासून काम करणारी होती. तिच्या शेजारी आठवडाभर इथली एखादी स्टाफ उभी असती, तर तिला हे एक अक्षर पहिल्याच दिवशी कळलं असतं. अहिराणीचं हे असं. सातपुड्यात गेलात तर पावरी, भिल्ली; यावल-रावेरकडे तडवी, लेवा. तिथे एका अक्षरावर भागत नाही.

रोगही इथले इथलेच. खरिपात सर्पदंश, विंचू, फवारणीची विषबाधा. मे महिन्यात जळगाव-भुसावळचं ऊन पंचेचाळीस अंशांवर जातं आणि उष्माघाताचे रुग्ण येतात. नंदुरबार जिल्ह्यात आणि सातपुड्याच्या कडेने सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाचं अभियान १ जुलै २०२३ ला सुरू केलं, तपासणीची कार्डं निघाली, हे चांगलंच झालं. पण सिकलसेलचा पोरगा हाडं दुखतात म्हणून रात्रभर विव्हळतो, तेव्हा ज्या नर्सने तो आजार फक्त पुस्तकात पाहिला आहे तिला पहिल्यांदा वाटतं की पोरगा नाटक करतोय. बाहेरून सूज नाही, जखम नाही, ताप नाही. त्याला पांघरूण घाल, पाणी पाज, सलाइन बघ, वेदनेचं औषध वेळ चुकवू नको, धाप लागते का त्यावर नजर ठेव, हे जिने दहा पोरं अशी काढली आहेत ती सांगते. ते सांगायला ती शेजारी हवी.

आता ‘ओव्हर’. ड्युटी बदलताना जाणारी येणारीला रुग्ण सोपवते, त्याला आम्ही ओव्हर देणं-घेणं म्हणतो. नर्सिंगमधलं हे सर्वांत महत्त्वाचं काम आहे असं माझं ठाम मत आहे, आणि तेच सर्वांत कमी शिकवलं जातं. टेबलाशी बसून रजिस्टर वाचून दाखवलं की ओव्हर झाली, असं नव्या मुली जुन्यांचं बघून शिकतात. खरी ओव्हर खाटेपाशी होते. चादर उचलून बघायची, सलाइनची बाटली बघायची, लघवीची पिशवी बघायची, रुग्णाचं नाव त्याच्याच तोंडून घ्यायचं, आणि खाट रिकामी असेल तर माणूस कुठे आहे हे विचारल्याशिवाय पुढच्या खाटेकडे जायचं नाही. जून २०२० मध्ये जळगावच्या सरकारी रुग्णालयात कोविड कक्षातली ८२ वर्षांची एक वृद्धा बेपत्ता झाली आणि आठ दिवसांनी तिचा मृतदेह तिथल्याच शौचालयात सापडला. तो काळ कसला होता, किती कमी माणसांवर किती ओझं होतं, हे मी आतून पाहिलं आहे. एकट्या नर्सेसकडे बोट दाखवणाऱ्यांतली मी नाही, आणि त्यात नवी कोण जुनी कोण हेही मला बोलायचं नाही. पण आठ दिवसांच्या किती ओव्हर होतात ते मोजा. दिवसाला तीन धरल्या तरी चोवीस. त्यानंतर मी नव्या मुलींना ओव्हर घ्यायला पहिले पंधरा दिवस माझ्याबरोबरच फिरवलं, आणि रिकाम्या खाटेपाशी थांबायला शिकवलं.

या सगळ्याला सर्वांत जोराचा विरोध माझ्याच पिढीकडून होतो, हे सांगताना मला वाईट वाटतं. “आम्हाला कोणी शिकवलं? आम्ही रडत-पडत शिकलोच ना?” “रगडल्याशिवाय सिस्टर तयार होत नाही.” ही वाक्यं मी ऐकली आहेत आणि बोललेही आहे. माझ्या वॉर्डात एक मुलगी आली होती, चोपड्याकडची. व्हेन घेताना, म्हणजे शिरेत सुई घालताना, तिचे हात थरथरायचे. नातेवाइकांसमोर मी तिला म्हणाले, “सुई धरता येत नाही तर नोकरी कशाला घेतली?” ती काही बोलली नाही. तीन आठवड्यांनी राजीनामा देऊन गेली, आणि नंतर कळलं की तिने नर्सिंगच सोडलं. तिला सुई धरता येत नव्हती हे खरं नव्हतं; मी मागे उभी असले की तिला येत नव्हती. ते वाक्य मी आजही परत घ्यायला तयार आहे, पण घेऊ कोणापाशी?

मार्लीन क्रेमर या अमेरिकी परिचारिका-संशोधिकेने १९७४ मध्येच हा प्रकार नीट मांडला होता. शाळेत शिकलेलं नर्सिंग आणि वॉर्डातलं नर्सिंग यांतला फरक बघून नव्या मुलीला बसतो तो वास्तवाचा धक्का, आणि त्या धक्क्यात मुली धंदा सोडतात. पुढे १९८४ मध्ये पॅट्रिशिया बेनर या तिथल्याच दुसऱ्या परिचारिका-संशोधिकेने नवशिकीपासून तज्ज्ञ होईपर्यंतच्या पाच पायऱ्या सांगितल्या. त्यात एकाच प्रकारच्या वॉर्डात दोन-तीन वर्षं काढल्यावर नर्स सक्षम म्हणावी अशी होते, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या मांडणीतली मला पटलेली गोष्ट वेगळीच आहे. मुरलेल्या नर्सला जे कळतं ते ती नियमांत सांगू शकत नाही. “हा पेशंट मला बरा वाटत नाही” असं ती दारातूनच म्हणते. का, असं विचारलं तर तिलाही धड सांगता येत नाही. मावशींना तरी कुठे सांगता आलं असतं? असलं ज्ञान वर्गात बसवून देता येत नाही. ते शेजारी उभं राहूनच घ्यावं लागतं. म्हणूनच जॉइन झालेल्यांना सभागृहात बसवून अर्धा दिवस भाषण द्यायचं, चहा-बिस्किटं द्यायची आणि हजेरीवर सह्या घ्यायच्या, याला मी नव्या नर्सला रुजवणं म्हणत नाही. रुग्णालयांना दर्जाची मान्यता देणाऱ्या एनएबीएचच्या मानकांत नव्या कर्मचाऱ्याला कामाची ओळख करून देण्याची अट आहे आणि ती योग्यच आहे. पण मी अशा फायलीही पाहिल्या आहेत, ज्या तपासणीच्या आदल्या संध्याकाळी एका पेनाने, एकाच बैठकीत भरल्या गेल्या.

आता खरा प्रश्न: माणसं कुठून आणायची? इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषाने शिकवणाऱ्या रुग्णालयात ३ रुग्णांमागे १ आणि साध्या रुग्णालयात ५ रुग्णांमागे १ नर्स हवी. आपल्याकडे चाळीस-पंचेचाळीस रुग्णांच्या वॉर्डात रात्री दोन असल्या तर इन्चार्ज देवाचे आभार मानते. अशा ठिकाणी तीन महिने एक माणूस मोजायचाच नाही, हे बोलायला सोपं आहे, असं मला पुष्कळांनी सुनावलं. त्यांचा त्रास मला माहीत आहे. मीही तो चार्ट अकरा वर्षं भरला आहे. तरी मी म्हणते, नवी मुलगी मोजल्यामुळे तुमची माणसं वाढत नाहीत, फक्त तशी दिसतात. तिच्या प्रत्येक दुसऱ्या कामाला जुनी स्टाफ आपलं काम टाकून धावत असते. मग चार्टवर दोन आणि वॉर्डात दीड. हा दीडाचा हिशोब उघड मांडला, तर वरच्या साहेबांना निदान रिकामी जागा रिकामी दिसेल. आपण ती नव्या मुलीच्या नावाने झाकतो आणि मग म्हणतो, वरून कोणी लक्ष देत नाही.

खासगीचं गणित वेगळं. जळगावात, धुळ्यात, अगदी तालुक्याच्या गावातही वीस-तीस खाटांचे दवाखाने गल्लोगल्ली आहेत आणि तिथल्या डॉक्टरांचं म्हणणं असतं, “सिस्टर, आम्ही शिकवायचं आणि सहा महिन्यांत ती सुरतला नाहीतर पुण्याला पळणार.” पळतात हे खरं आहे. नंदुरबारहून सुरत जवळ, पगार जास्त. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने ५० खाटांहून लहान खासगी रुग्णालयातही नर्सला किमान २० हजार रुपये द्यावेत अशी शिफारस केली होती. आमच्या भागात त्याच्या निम्म्यावर राबणाऱ्या मुली मला माहीत आहेत. काही ठिकाणी तर जाऊ नये म्हणून मूळ प्रमाणपत्रं कपाटात ठेवून घेतात. कपाटात कागद राहतो, मन राहत नाही. पगार हा एक भाग झाला. पण ज्या मुली मला सोडताना भेटल्या, त्यांच्यापैकी बऱ्याच जणींनी पहिल्यांदा पगाराचं नाव घेतलं नाही. त्या म्हणाल्या, “मॅडम, रात्री एकटीला भीती वाटते. काही झालं तर माझ्यावर येईल.” सहा महिन्यांनी एक मुलगी जाते, दुसरी येते, पुन्हा तीच पहिली रात्र, पुन्हा तोच धोका. तीन महिने तिच्यावर घालवलेला पगार वाया गेला असं ज्यांना वाटतं, त्यांनी वर्षाला दोनदा नवी मुलगी घेण्यात काय जातं ते वहीत मांडून बघावं.

कसं करायचं, याचं माझ्याकडे तयार परिपत्रक नाही, पण इन्चार्ज म्हणून जे जमलं ते सांगते. पहिले दोन आठवडे नव्या मुलीकडे स्वतःचा एकही रुग्ण नाही. ती एकीच्या मागे, आणि एकीच्याच मागे. रोज वेगळीच्या मागे फिरवलं तर रोज वेगळी पद्धत कानावर पडते आणि मुलगी गोंधळते. मग दोन रुग्ण, मग चार. औषधाच्या चार्टवर दोन सह्या. जिच्या मागे ती फिरते, तिचे रुग्ण त्या काळात कमी केलेच पाहिजेत, आणि तिला त्याचा भत्ता मिळाला पाहिजे. आजवर आपण जुन्या सिस्टरकडून हे काम फुकट आणि वर जास्तीचं म्हणून करून घेतलं. मग ती चिडून शिकवते, आणि चिडून शिकवलेलं मी वर सांगितलंच. नाइट एकटीने कधी, हे तारखेवर ठरवू नये. जिने शिकवलं तिने आणि जी शिकली तिने, दोघींनी ‘हा वॉर्ड मला माहीत आहे’ अशी सही केल्यावरच नाइट. आणि “मला हे येत नाही” असं म्हणणाऱ्या मुलीला त्या तीन महिन्यांत कोणीही, म्हणजे डॉक्टरांनीसुद्धा, रागावायचं नाही. हे वाक्य जी बोलते तिच्या हातून रुग्ण सुरक्षित असतो. न बोलणारीची मला भीती वाटते. सरकारी नोकरीत परिविक्षा काळ असतोच, पण त्यात फक्त चुका बघितल्या जातात. तोच काळ शिकवण्याचा म्हणून आदेशात लिहिला, तर वेगळी तरतूदसुद्धा शोधावी लागणार नाही.

एका ठिकाणी मात्र माझा हा उपाय लंगडा पडतो, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. धडगाव, मोलगी, अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या उपकेंद्रावर एएनएम, म्हणजे गावपातळीवरची सरकारी नर्स, एकटीच असते. शेजारी उभी राहायला दुसरी कोण? पावसाळ्यात रस्ता तुटला की गरोदर बाईला बांबूच्या झोळीतून खाली आणतात. नर्मदेकाठच्या गावांना तरंगता दवाखाना जातो. अशा जागी नवी एएनएम सरळ पाठवणं मला क्रूर वाटतं, तिच्यावरही आणि त्या पाड्यावरच्या बायांवरही. तिचे पहिले तीन महिने ग्रामीण रुग्णालयाच्या लेबर रूममध्ये गेले पाहिजेत, जिथे रोज बाळंतपणं होतात आणि जुन्या सिस्टर आहेत. मग उपकेंद्रावर गेल्यावर पहिले काही आठवडे आधीच्या एएनएमने तिथून हलू नये. बदलीच्या आदेशात ‘तात्काळ कार्यमुक्त’ असं लिहिलेलं असतं. त्याऐवजी ‘नव्या एएनएमला ओव्हर देऊन कार्यमुक्त’ असं लिहायला कोणाची हरकत असेल? आणि त्या ओव्हरमध्ये केंद्राच्या किल्ल्यांबरोबर हेही यावं: कुठल्या पाड्यावर कोणाची दाई ऐकते, कुठल्या घरात सिकलसेल आहे, कुठल्या बाईचं आधीचं बाळंतपण अडलं होतं, आणि पावरीत ‘दुखतं’ कसं म्हणतात.

निवृत्त झाल्यावर मी जळगाव जिल्ह्यातल्या एका रुग्णालयात आठवड्यातून दोन दिवस नव्या मुलींबरोबर वॉर्डात फिरते. गेल्या मे महिन्यात तिथे तीन मुली लागल्या. इन्चार्ज सिस्टर माझ्या हाताखाली तयार झालेली आहे. तिने ड्युटी चार्ट भरला, खाली पट्टीने एक रेघ मारली आणि रेघेखाली तिघींची नावं पेन्सिलीने लिहिली. प्रत्येकीच्या पुढे एका जुन्या सिस्टरचं नाव. ऑफिसमधून चार्ट परत आला. कारकुनाने विचारलं होतं की या तिघी कुठल्या शिफ्टमध्ये धरायच्या, बेरीज जुळत नाही. तिने चार्टच्या कडेला ‘ऑगस्टपासून धराव्यात’ असं लिहिलं, खाली सही केली आणि तो तसाच पुन्हा वर पाठवला.